बारा मिनिटांत गोंधळ कसा मांडायचा?

ताई, नमस्कार.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय १९, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा पाच जणांचा गट आहे, तीन मुलं आणि दोन मुली. मी संबळ वाजवते. आमच्या गल्लीत एक म्हातारे गोंधळी राहतात, सगळे त्यांना तात्या म्हणतात. लहानपणापासून त्यांच्या ओसरीवर बसून मी शिकले. आम्ही पाचही जण गोंधळी समाजाचे नाही.

दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी एका मंडळानं लोककला महोत्सव ठेवलाय. त्यात एक तास फक्त तरुण कलाकारांसाठी आहे आणि आम्हाला १२ मिनिटं मिळाली आहेत. आधी खूप आनंद झाला, आता झोप लागत नाही. आयोजक म्हणतात, जुनं कोण ऐकतंय, सिनेमातलं गाणं घ्या, मागे ट्रॅक लावा, पब्लिक नाचलं पाहिजे. गटातल्या दोघांचंही तेच म्हणणं आहे. एकाकडे कीबोर्ड आहे, दुसऱ्याकडे ऑक्टोपॅड. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “चौक नाही, दिवटी नाही, देवीला बोलावणं नाही, मग गोंधळ कसला?” आणि गप्प बसले. त्यांचा मुलगा, आमचा दादा, चिडून म्हणाला, “आमच्याकडंच शिकायचं आणि आमच्याच पोटावर पाय द्यायचा.” ते फार लागलं. इकडे आत्या म्हणते, पोरीच्या जातीनं कमरेला संबळ बांधून हजार माणसांपुढं उभं राहायचं का? आई काहीच बोलत नाही.

आम्ही जावं का? गेलो तर काय सादर करावं? आणि खरं सांगते, मला स्टेजची भीतीपण वाटते.

तुमची,
संबळवाली

*

प्रिय लेकी,

जा. नक्की जा. पण आधी तात्यांच्या ओसरीवर पुन्हा जा, आयोजकांना उत्तर नंतर कळव.

तात्या रागावले असं तू धरून चालली आहेस. तुझं पत्र वाचून मला तसं वाटलं नाही. तू जे शिकलीस ते नक्की काय आहे, ते त्यांनी तुला एका वाक्यात सांगितलं. गोंधळ घरात मांडला जातो. लग्न पार पडलं, नवस फिटला, घरात काही शुभ झालं की गोंधळी बोलावतात. अंगणात पाट मांडून त्यावर नवं कापड, कापडावर तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, देवीचा टाक. दिवटी पेटते. मग पूर्वरंग, म्हणजे गण, आवाहन, देवीची स्तुती. त्यानंतर उत्तररंगात आख्यान: नायक कथा लावतो, जोडीदार मधेच भोळा होऊन काहीतरी विचारतो, लोक हसतात आणि हसता हसता कथा पुढं सरकते. शेवटी आरती. रात्र सरलेली असते. त्या रात्री घरची माणसं यजमान असतात आणि देवी पाहुणी म्हणून आलेली असते. तुमच्या भागातले तात्या बहुधा कदमराई असतील, तुळजाभवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. ज्या माणसानं आयुष्यभर हे देवीसमोर केलं, त्याला खुर्च्यांवर बसलेल्या लोकांपुढं बारा मिनिटांत होणारा गोंधळ परका वाटणारच. त्यांच्या जागी तू असतीस तर तुलाही वाटला असता.

म्हणून तुम्ही एक गोष्ट पक्की ठरवा. मंचावर विधीचं सोंग आणायचं नाही. थर्माकोलचा कलश, रांगोळीच्या रंगानं काढलेला चौक, कुणाच्या तरी अंगात आल्याचा अभिनय, यातलं काहीही नको. आयोजक हे सगळं हौसेनं सुचवतील, ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. तुम्ही गोंधळातली गाणी गाणार आहात, आणि निवेदकानं सुरुवातीला नेमकं तेच सांगावं: ही मुलं गोंधळातली गाणी सादर करत आहेत, आमच्याच तालुक्यातल्या अमुक गोंधळ्यांकडे ती शिकली आहेत. मला वाटतं, एवढं ऐकलं की तात्यांच्या मनातला मोठा सल निघेल. मंचाला त्यांचा विरोध असेल असंही समजू नकोस. परभणीचे राजारामभाऊ कदम घराण्यानं गोंधळी होते आणि त्यांनी गोंधळ मोठमोठ्या रंगमंचांवर नेला. आपल्या हातातली गोष्ट कुठं न्यायची आणि किती न्यायची, हे तिथं गोंधळ्यानं स्वतः ठरवलं होतं. इथं तुम्ही ठरवताय आणि त्यांना फक्त कळवताय. तुझ्या लक्षात येतंय ना काय दुखलं असेल?

तेव्हा पाचही जण मिळून जा, एकटी जाऊ नकोस. मंगळवार-शुक्रवार टाळून जा, ते देवीचे वार, त्या दिवशी ते कामात असतील. परवानगी मागण्यापेक्षा सल्ला मागा. यातलं कुठलं गाणं चौकाबाहेर म्हटलेलं चालेल, कुठलं अजिबात चालणार नाही, हे त्यांनाच विचारा. ते दोन-तीन गाणी बाजूला काढतील. ती कितीही आवडती असली तरी त्यांवर वाद घालू नका, तिथल्या तिथं सोडून द्या. एखाद्या कलेत काय सोडायचं हे कळणं हाही शिकण्याचाच भाग आहे, आणि ते कुठल्याही व्हिडिओत बघून कळत नाही.

आता दादाचं बोलणं. ते तुला लागलं, पण तो खोटं बोलला नाही. गोंधळी समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहे. बहुतेकांकडे जमीन नाही, ठरलेली गावं आणि ठरलेली घरं हीच त्यांची शेती. लग्नसराईत मिळणाऱ्या सुपाऱ्यांवर वर्षाचं गणित चालतं. त्यात आता लग्नाचा खर्च डीजे आणि फोटोवाल्यांकडे जातो, रात्रभराचा गोंधळ दोन तासांवर येतो आणि त्या दोन तासांसाठीही लोक घासाघीस करतात. अशा वेळी शिकलेली, बोलकी, स्वच्छ कपड्यांतली पाच पोरं मंचावर येऊन तेच गातात, टाळ्या घेतात, फोटो छापून येतात. दादाला दिसतंय ते पुढचं पाऊल. उद्या कुणीतरी त्या पोरांनाच लग्नाला बोलावेल, त्याला नाही.

हे पाऊल तुम्ही टाकणार नाही, असं त्याला तोंडावर सांगा. ‘दादा, घरचा गोंधळ तुमचा, आम्ही त्याची सुपारी कधी घेणार नाही. महोत्सवात कुणी आम्हाला विचारलं तर तुझा नंबर देऊ.’ आणि तो नंबर खरंच द्या. कार्यक्रमानंतर चार लोक तरी मंचामागे येतात आणि विचारतात, आमच्या मुलाच्या लग्नात याल का. तेव्हा तुम्ही कसे वागता यावर दादाचं तुमच्याबद्दलचं मत ठरेल.

मानधनाचंही बोलून घ्या. मंडळ किती देणार ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक विचारलंच नाही. विचारा. प्रवासखर्च वेगळा, मानधन वेगळं. आलेल्या पैशाचे सहा वाटे करा, सहावा तात्यांचा. शाल आणि नारळ देऊन मोकळं होण्यापेक्षा हे फार बरं. रक्कम पाचशे असो की पाच हजार, हिशोबात त्यांचं नाव असणं महत्त्वाचं. आणखी एक काम तुमच्या हातचं आहे. ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देणारी राज्य शासनाची योजना आहे. तात्यांना ते मिळतं का, हे विचारा. मिळत नसेल तर पंचायत समितीत चौकशी करून अर्ज भरायला बसा. दाखले, जुने फोटो, कार्यक्रमांच्या पत्रिका, कात्रणं गोळा करण्यात दिवस जातात आणि म्हाताऱ्या माणसाचा अर्ज तिथंच अडतो. कॉलेजला जाणाऱ्या पोरांना ते अवघड नाही.

सिनेमातल्या गाण्याचा आग्रह धरणाऱ्या तुझ्या दोन मित्रांवर माझा राग नाही. पण मी त्यांच्या बाजूची नाही, आणि त्याचं कारण संबळातच आहे. तुला हे हातांना माहीत आहे, फक्त त्यांना समजावून सांगता आलं पाहिजे. गोंधळाची लय संथ उठते. नायक एखादा शब्द लांबवतो तेव्हा संबळ थांबून त्याची वाट बघतो. जोडीदार प्रश्न विचारायला लागला की संबळ बारीक होतो, बोलण्याखाली एखादा-दुसरा ठोका तेवढा राहतो. उत्तर आलं, लोक हसले, की तो पुन्हा उठतो आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा चढतो. किती चढायचं हे समोरच्या माणसांकडे बघून ठरतं. ट्रॅकला समोरची माणसं दिसत नाहीत. तो पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकाच चालीनं धावतो आणि तुम्ही त्याच्यामागे धावता. नायकाचा घसा थंडीनं बसला तरी पट्टी खाली घेता येत नाही. एखादी ओळ लोकांना आवडली तरी ती पुन्हा घेता येत नाही. मग तुझ्या हातातला संबळ शोभेला राहतो. लोक तरीही नाचतील, कारण ते गाणं त्यांना पाठ आहे. पण ते त्या गाण्यावर नाचतील. तुम्ही तिथं असलात काय, नसलात काय, त्यांना सारखंच.

वाद्य नवं आहे म्हणून मी विरोध करते असं त्या दोघांना वाटू देऊ नकोस. पेटी युरोपातून आली आणि आज भजनापासून पोवाड्यापर्यंत तिच्याशिवाय पान हलत नाही. पुढं कधी तुमच्यापैकी कुणी कीबोर्डवर गोंधळाची एखादी चाल विचार करून बसवली, तर मी ती मन लावून ऐकेन. पण महिनाभरात, आयोजकाला हवं म्हणून, घाईनं जोडलेला कीबोर्ड तसा होत नाही. शिवाय दोघांसाठी खरं काम आहे. ऑक्टोपॅडवाल्याच्या हातात लय आहे, त्याला झांज दे. झांज सोपी दिसते, पण लय चढत असताना ती अर्धा मात्रा पुढं गेली तर अख्खा गट कोलमडतो. कीबोर्डवाल्याचा कान सुराला तयार असणार, त्याच्याकडं तुणतुणं जाऊ दे. एकच तार, पण ती नायकाच्या गळ्याला तंतोतंत लागली पाहिजे आणि वाजवता वाजवता उतरली तर कुणाला न कळता पुन्हा चढवता आली पाहिजे. दोघांना आठवडाभर तात्यांसमोर बसू दे, मग काय हवं ते विचार.

कायद्याचीही एक बाजू आहे, तीही त्यांच्या कानावर घाल. सिनेमातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांवर गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. जाहीर कार्यक्रमात ते वाजवायला परवाना लागतो आणि यूट्यूबवर टाकलं की तक्रार येऊ शकते. परंपरेनं आलेल्या गाण्याला असा कागदोपत्री मालक नसतो. त्यामुळेच ते कुणाकडून घेतलं हे आपण होऊन सांगायची जबाबदारी आपल्यावर येते.

मग बारा मिनिटांत काय करायचं? माझा सगळा जीव आवाहनावर आहे. गणाला दीड-दोन मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. आवाहनाला चार-साडेचार मिनिटं. आख्यानातला एकच प्रसंग घ्या, नायक आणि जोडीदाराच्या सवाल-जवाबाचा, चार-पाच मिनिटांत पुरा होणारा. कोणता तो तात्यांना निवडू दे. गोष्ट अर्धी तोडू नका. अख्खं आख्यान पळवत नेण्यापेक्षा एक प्रसंग नीट उभा राहिलेला चांगला. उरलेला मिनिट मंचावर येण्याजाण्यात आणि टाळ्यांत जातो.

आवाहन का, ते सांगते. गोंधळी सगळ्या देवांना नावानं आणि गावानं बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. पण चांगला गोंधळी तिथं थांबत नाही. ज्या घरी तो उभा आहे तिथलं कुलदैवत, त्या गावचा मारुती, वेशीवरची मरीआई, शिवारातला म्हसोबा, सगळ्यांना बोलावतो. एकही नाव चुकलं तर घरच्या म्हातारीच्या लक्षात येतं. तुमच्या महोत्सवाला तालुक्यातल्या कितीतरी गावांची माणसं येणार आहेत. त्यांच्या गावांचे देव तुमच्या आवाहनात यायला हवेत. आतापासून गोळा करायला लागा. वर्गातल्या प्रत्येक मुला-मुलीला विचारा, तुमच्या गावचं दैवत कोणतं, त्याला तुमच्याकडं काय म्हणतात, जत्रा कधी असते. येरमाळ्याची येडाई कळंब तालुक्यातली, पण तुमच्याकडच्या घराघरात तिचं नाव आहे, तिला घ्या. अणदूर आणि नळदुर्ग या दोन्ही गावांचा खंडोबा एकच, वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला नळदुर्गला राहणारा. कार्यक्रमाच्या दिवशी देव कुठल्या गावी असेल ते आधी विचारून घ्या आणि त्याला त्याच गावाहून बोलवा. अणदूर-नळदुर्गची माणसं मांडवात असतील तर तिथून आरोळी उठेल, लिहून ठेव. नावं तालात कशी बसवायची, लांब नाव कुठं आवळायचं, लहान नावाला काय जोडायचं, हे तात्यांइतकं कुणालाच येत नसेल. ते ऐनवेळी दहा गावं बसवून दाखवतील. ती संध्याकाळ चुकवू नका आणि त्यांची हरकत नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

‘जुनं कोण ऐकतंय’ म्हणणाऱ्या आयोजकांना दुसरं उत्तर द्यायची गरज नाही. आपल्या गावाचं नाव ऐकून माणूस कसा सरसावून बसतो ते त्यांना मंचाच्या कडेला उभं राहून बघू दे.

आत्याबद्दल. तुमच्याच भागात आराधी बायका आहेत. गळ्यात कवड्यांची माळ घालून देवीची गाणी म्हणणाऱ्या, पोत नाचवणाऱ्या. खंडोबाच्या जागरणात मुरळी गाते. तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना तर दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. बाईनं हजारांपुढं उभं राहणं आपल्याकडं नवं नाही. संबळ मात्र बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिला, हे आत्या म्हणते ते खरं. पण ज्यांच्या हाती तो होता त्यांच्यापैकी एकानं तुला ओसरीवर बसवून तो शिकवला. तात्यांना चालत असेल तर दुसऱ्या कुणाच्या हरकतीला फार वजन देऊ नकोस.

तरी आत्याचं बोलणं मी झटकून टाकणार नाही. बऱ्याचदा बायका ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असतं की ही पोर रात्री घरी कशी येईल, कपडे कुठं बदलेल, तिथं कुणी काही बोललं तर कोण असेल. ही काळजी रास्त आहे. मंडळाला विचारा की मुलींना कपडे बदलायला बंद खोली आहे का, जवळ स्वच्छतागृह आहे का, परतीची गाडी किती वाजता आणि कुणाची. यांची उत्तरं मिळाली नाहीत तर मिळेपर्यंत विचारा. आणि आत्याला सोबत यायला सांग. आईला मात्र वेगळं बसवून सरळ विचार, ‘तुला काय वाटतं?’ ती गप्प आहे म्हणजे तिचा विरोध आहे असं नाही. कदाचित तिला अजून कुणी विचारलंच नसेल.

भीतीचं म्हणशील तर ती जाणार नाही, तिच्यासोबत वाजवायची सवय करावी लागते. खोलीत शंभर वेळा वाजवण्यापेक्षा गावातल्या पारावर दोन-तीनदा वाजवा. तिथं कुत्री भुंकतात, पोरं मधून धावतात, कुणीतरी मोटरसायकल चालू करतं, आणि त्यातही लय सोडायची नसते. ज्या कपड्यात मंचावर जाणार त्याच कपड्यात सराव कर. साडीवर संबळ बांधला की तो घसरतो आणि वाकड्या टोकाची काठी पदरात अडकते, हे त्या दिवशी कळून उपयोग नाही. सुरुवात तुझ्या संबळानं करू नका. आधी तुणतुणं, मग नायकाचा आवाज, झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे साथीला गाणाऱ्यांनी, सूर धरला की मग तू. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात तुझे हात थरथरून शांत होतील आणि कुणाला कळणारही नाही. पट्टी ठरवताना नायकाच्या गळ्याचं बघा, झीलकरी जुळवून घेतात. सर्वांत उंच ओळ तिसऱ्यांदा म्हणतानाही जी पट्टी सहज पेलते ती धरा. मंचावर गेलं की उत्साहानं सगळ्यांचाच सूर वर चढतो, म्हणून घरी ठरवलेली पट्टी तुणतुण्यावर लावून मगच मंचावर पाऊल टाका.

साऊंडवाल्याशी आधीच गोड बोलून घ्या. त्याला तीन गोष्टी हव्यात म्हणून सांगा: तुणतुण्याला स्वतंत्र माइक अगदी जवळ, संबळाचा माइक हातभर लांब, आणि इको बंद. हा इको आवाहनातली सगळी नावं गिळून टाकतो. तुमच्याकडं एक मॉनिटर वळवून ठेवायलाही सांगा, नाहीतर नायकाचा आवाज तुला ऐकूच येणार नाही. दिवाळीनंतर रात्री दव पडतं आणि चामडं उतरतं, तेव्हा बोलावणं येईपर्यंत संबळ जाड कापडात गुंडाळून ठेव. दिवटी किंवा पोत मंचावर पेटवू नका. वर मांडवाचं कापड असतं, खाली वायरींचं जाळं असतं, आणि तात्यांच्या मनातलंही त्यानं राहील.

आणखी एक गोष्ट हमखास होते. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग भाषणं, आणि तरुणांचा तास सरकत सरकत रात्री साडेनऊवर जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सवलत तुमच्या महोत्सवाला असेलच असं नाही. मग निवेदक येऊन म्हणतो, पाच-सहा मिनिटांत आवरा. त्यासाठी सहा मिनिटांचा क्रमही बसवून ठेवा. गण छोटा, आख्यान नाही, आवाहन पूर्ण. रडू नका, भांडू नका, आणि नावं गाळू नका.

एवढं करूनही तात्या नाही म्हणाले तर? तसं होऊ शकतं. मग त्यांची गाणी मंचावर नेऊ नका. तरीही महोत्सव सोडायची गरज नाही. तुझ्या आणि तुझ्या मैत्रिणीच्या घरी आज्या असतील, मावश्या असतील. जात्यावरच्या ओव्या त्यांना येतात का बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. भाऊ, बाप, सासर, पाऊस, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. ऐकून चाली कळतील, पण मंचावर शक्यतो आपल्या घरच्याच ओव्या न्या, आणि जिच्याकडून घेतल्या तिला आधी विचारून न्या. संबळ ओव्यांना लागत नाही, तेव्हा त्या दिवशी तुला गावं लागेल. मुलांनी सूर धरून मागे उभं राहावं. त्यांनाही ते शिकण्यासारखं आहे.

तात्यांकडं जाऊन आलीस की त्याच आठवड्यात मंडळाला एका पानाचं पत्र द्या, तोंडी ठेवू नका. गटातल्या पाचांची नावं, कार्यक्रमाचं नाव ‘गोंधळातली गाणी’, मार्गदर्शक म्हणून तात्यांचं पूर्ण नाव आणि गाव, त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची, मानधन आणि प्रवासखर्चाची रक्कम, ट्रॅक लागणार नाही, माइक किती हवेत, मुलींसाठी खोली. चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार असतील तर तिथंही तात्यांचं नाव लिहावं, हेही त्यातच घाला. पत्रिका छापायला जायच्या आत हे त्यांच्या हातात पडू दे, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.

तुझी,
ताई